कर्कश कीं कठीण?

घोटी हें गांव नाना आवाजांचें आहे. मुंबई-आग्रा रस्त्यानें रात्रंदिवस मालमोटारी जातात. थळ घाट चढून इगतपुरीस दम घेतलेल्या आगगाड्या घोटीवरून नाशिककडे धांवतात. सुगीनंतर भाताच्या गिरण्या घरघरूं लागतात. आणि आषाढ-श्रावणांत पत्र्याच्या छपरावर कोसळणारा सह्याद्रीचा पाऊस शेजारच्या माणसाचें बोलणेंहि ऐकूं देत नाहीं. या सगळ्या गलबल्यांतून घोटीकराचा कान आपल्याला हवें तें मात्र अचूक वेंचून घेतो. भजनांत मृदंगाची एक थाप चुकली तर ओटीवर पेंगणारा म्हातारा मान वर करून पाहतो. लग्नाच्या मांडवांत संबळ वाजूं लागला कीं वाजविणारा कसलेला आहे कीं नवशिका आहे, हें चुलीपाशीं बसलेल्यांनाहि कळतें.

अशा या जाणत्या कानावर अलीकडे एक नवें संगीत पडूं लागलें आहे. घरांतला तरुण मुलगा कानाला यंत्र लावून डोलत बसतो, आणि कधीं तें यंत्र काढून आवाज मोकळा करतो, तेव्हां घरांतील वडील माणसें दचकतात. विजेच्या गिटारींचा घणघणाट, ढोलांचा अविरत मारा, आणि त्यावर कोणीतरी घसा फोडून ओरडत असल्याचा भास! वडील म्हणतात, "हें गाणें नव्हे, हा पत्रे बडविण्याचा उद्योग आहे." मुलाला या संगीताचें प्रेम असतें, परंतु त्याचें समर्थन करण्यास लागणारे शब्द त्याच्याजवळ नसतात, तो मुकाट्यानें आवाज बंद करतो. प्रेम आणि शब्द यांची ही फारकत दोन पिढ्यांमध्यें नेहमींच पडत आलेली आहे. हेवी मेटल, प्रोग्रेसिव्ह मेटल, आधुनिक रॉक अशा नांवांनीं ओळखलें जाणारें हें संगीत खरोखर कर्कश आहे, कीं केवळ कठीण आहे, याचा शांतपणें विचार करणें म्हणूनच उपयुक्त आहे.

पत्रे बडविण्याची जी उपमा वडील माणसें रागानें देतात ती, गंमत अशी कीं, अक्षरशः खरी आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं टोनी आयोमी नांवाचा एक सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. 1965 सालीं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत सांपडून तुटलीं. हा मुलगा डावखुरा असल्यामुळें गिटारीच्या तारा दाबण्याचें काम नेमकें याच हाताकडे होतें. वैद्यांनीं वादनाची आशा सोडण्यास सांगितलें. तेव्हां कारखान्यांतील त्याच्या वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगींत दोन बोटें निकामी होऊनहि हा वादक जगांत नांवाजला होता. आयोमीनें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, तारा बारीक घेतल्या आणि पुढें त्या सैल लावून वाजविण्यास प्रारंभ केला. तार सैल झाली कीं तिचा स्वर खालीं उतरतो, खोल व जड होतो. 1970 सालीं त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या संघाची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि त्या जड नादांतून मेटल संगीताचा प्रवाह निघाला. ज्या नादाला जग राक्षसी म्हणतें, त्याच्या मुळाशीं एका कामगार मुलाची जखम आणि त्याची जिद्द आहे.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहूं लागला होता. सरळ चार मात्रांच्या चालींत बांधलेलीं तीन मिनिटांचीं गाणीं कांहीं वादकांना अपुरीं वाटूं लागलीं. दीर्घ रचना, बदलणाऱ्या गति आणि विषम मात्रांचीं आवर्तनें यांकडे ते वळले. 1969 मध्यें 'किंग क्रिमझन' या इंग्रज संघाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 1973 मध्यें 'पिंक फ्लॉइड'नें सात मात्रांत बांधलेलें 'मनी' हें गाणें लोकप्रिय करून दाखविलें. या पद्धतीस 'प्रोग्रेसिव्ह', म्हणजे प्रागतिक, असें नांव पडलें. पुढें मेटलचा जड नाद आणि प्रागतिकांची गुंतागुंत यांचा संगम झाला. 1985 सालीं बॉस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयांतील तीन विद्यार्थ्यांनीं एक संघ स्थापन केला. तोच पुढें 'ड्रीम थिएटर' या नांवानें प्रसिद्ध झाला व 1992 मधील त्याच्या 'इमेजेस अँड वर्ड्‌स' या ध्वनिमुद्रिकेनें प्रोग्रेसिव्ह मेटलची कीर्ति सर्वत्र पसरविली.

सात मात्रांचें नांव ऐकून पाश्चात्त्य श्रोता गोंधळतो. मराठी श्रोत्यानें मात्र गोंधळण्याचें कारण नाहीं. तीन, दोन, दोन अशा सात मात्रांचा रूपक ताल आणि दोन, तीन, दोन, तीन अशा दहा मात्रांचा झपताल त्यानें भावगीतांत व नाट्यगीतांत शेंकडों वेळां ऐकलेला आहे. पाश्चात्त्य वादकांपैकीं कांहींनीं तर हें ज्ञान थेट हिंदुस्थानांतून घेतलें. जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकानें 1970 नंतरच्या दशकांत मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्या संगतीनें 'शक्ति' हा संघ उभा केला. त्या वादनांतील लयीचे हिशेब आपल्याकडील तबलजींना नवे नव्हते. तेव्हां विषम मात्रांचें संगीत परकें आहे हा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडीं शोभत नाहीं.

या संगीतांतील एक युक्ति विशेष समजून घेण्यासारखी आहे. 1987 सालीं स्वीडनमधील उमियो या गांवीं स्थापन झालेल्या 'मेशुगा' या संघानें ती फार पुढें नेली. वादकाचा एक हात झांजेवर सरळ चार-चार मात्रांची चाल धरून ठेवतो. त्याच वेळीं गिटारी आणि पायांनीं वाजविलेले ढोल निराळ्याच लांबीचा तुकडा पुन्हां पुन्हां वाजवितात. श्रोत्यांनीं घरीं बसून हा प्रयोग करून पाहावा. एकानें आठ मात्रांचें आवर्तन टाळीनें मोजावें. दुसऱ्यानें सात मात्रांचा एक बोल त्यावर अखंड म्हणावा. पहिल्या मात्रेस दोघे बरोबर निघतील. दुसऱ्या खेपेस तो बोल पहिल्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेपासून सुरू होईल, तिसऱ्या खेपेस दुसऱ्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेपासून. असा तो मागें मागें सरकत जाईल. सगळें विस्कटलें, असें ऐकणाऱ्यास वाटेल. परंतु छप्पन्न मात्रा संपतांच दोघे पुन्हां एकदम समेवर येतील, कारण सात आणि आठ यांचा लघुतम साधारण विभाज्य छप्पन्न आहे. शाळेंतील मुलें ज्याला 'लसावि' म्हणून कंटाळतात, तें गणित या संगीतांत हजारों माणसांना एका क्षणीं माना हलवावयास लावतें. तबलजीची तिहाई समेवर पडली कीं मैफलींत जो "वाहवा"चा उद्गार निघतो, तोच आनंद निराळ्या वेषांत येथें आहे.

आक्षेप राहतो तो ओरडण्याचा व भयानक वेषाचा. या गायनांत जो घोगरा, गुरगुरणारा आवाज काढतात त्यासाठीं गळ्यांतील खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर असलेल्या, एरव्हीं गाण्यांत न वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांचा उपयोग करतात. हें तंत्र शिकावें लागतें; जो न शिकतां नुसता ओरडतो त्याचा घसा थोड्याच दिवसांत बसतो. वेषाविषयीं म्हणावयाचें तर नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी भागांतील माणसाला भयानक सोंगांचें नवल तें काय? त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि शेजारचा मोखाडा या भागांत बोहाडा होतो. रात्रभर संबळ-पिपाणीच्या गजरांत देव, दानव आणि राक्षस यांचे मुखवटे घातलेलीं सोंगें मशालींच्या उजेडांत नाचत येतात. लहान मुलें आईच्या पदराआड लपतात आणि तरीहि डोळे मिटून घेत नाहींत. भयाला सोंग देऊन, ताल देऊन, चारचौघांत नाचविलें म्हणजे त्याचा जोर ओसरतो, हें शहाणपण आदिवासी बांधवांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

महाराष्ट्रांत या संगीताचें माहेरघर मुंबई. तेथें धोबीतलावास सेंट झेविअर महाविद्यालयाच्या शेजारीं रंगभवन नांवाचें उघडें नाट्यगृह आहे. 1978 सालीं तेथें 'जाझ यात्रा' भरली आणि देशोदेशींचे वादक तेथें येऊं लागले. 1986 सालीं फरहाद वाडिया यांनीं 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. ऑगस्टच्या पावसांत, उघड्या आकाशाखालीं, महाविद्यालयीन तरुणांचे ताफे स्वस्त तिकिटें काढून तेथें जमत. 1984 मध्यें स्थापन झालेला 'रॉक मशीन' संघ, जो पुढें 'इंडस क्रीड' झाला, त्यानें परकीयांचीं गाणीं वाजविण्याची रीति सोडून स्वतःचीं गाणीं रचण्याचा धडा या पिढीला घालून दिला. नंतर 2000 मध्यें 'डेमॉनिक रिझरेक्शन' आणि 2003 मध्यें 'भयानक मौत' हे मुंबईचे मेटल संघ निघाले. 2008 सालीं 'आयर्न मेडन' हा जगप्रसिद्ध संघ मुंबईंत वाजवून गेला. 2009 मध्यें पवई येथील आय. आय. टी. च्या 'मूड इंडिगो' उत्सवांत 'पॉर्क्युपाइन ट्री' या प्रागतिक रॉक संघास ऐकण्याचा योग विद्यार्थ्यांना आला. 2013 मध्यें 'कोशिश' या मुंबईच्या संघानें 'फिरदौस' ही प्रागतिक पद्धतीची हिंदी ध्वनिमुद्रिका काढली. 'अभंग रिपोस्ट' या मराठी तरुणांच्या संघानें तर वारकऱ्यांचे अभंगच रॉकच्या वाद्यांवर उभे केले.

या संघांतील बहुतेकांचें पोट या संगीतावर भरत नाहीं. दिवसा कचेरी, रात्रीं तालीम, असा त्यांचा क्रम असतो. 'डेमॉनिक रिझरेक्शन'चे गायक साहिल माखिजा हे पाककृतींच्या चित्रफितींसाठींहि तितकेच प्रसिद्ध आहेत! राक्षसी आवाज काढणारा गायक लोकांस पथ्याचें जेवण रांधावयास शिकवितो, हें कळलें म्हणजे घरांतील आजीचाहि राग निम्मा उतरेल.

अशा संगीताची रात्र कशी असते, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करणें योग्य होईल. रात्र खरी सुरू होते ती दुपारीं. मोकळ्या नाट्यगृहांत एकेक वाद्य वाजवून ध्वनियंत्रणा जुळविली जाते. ढोलाचा एकच ठोका पुन्हां पुन्हां मारीत वादक अर्धा तास काढतो. सायंकाळीं नवखे संघ प्रथम येतात. त्यांना अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यांचें अर्धें लक्ष घड्याळाकडे असतें. मग तारा बदलणें, ढोल सरकविणें, आणि शेवटीं ज्यासाठीं लोक आले तो संघ. सहा तारांच्या जागीं सात वा आठ तारांच्या गिटारी. ढोलवादकाच्या दोन्ही पायांखालीं स्वतंत्र पावट्या. पुष्कळदां त्याच्या कानांत मात्रा मोजणारा बारीक टिकटिकाट. गति इतकी नेमकी लागते कीं एका मात्रेची चूक सगळ्यांना उघडी पाडते. समोरचे तरुण मध्यें मोकळें रिंगण करतात आणि त्यांत एकमेकांवर आदळतात. पाहणाऱ्यास ती मारामारी वाटते. परंतु त्या रिंगणाचा एक अलिखित कायदा आहे: जो पडेल त्याला भोंवतालच्यांनीं तत्काळ उचलून उभें करावें. दहीहंडीच्या थरांतून पडणाऱ्या गोविंदास खालचे हात झेलतात, त्याच जातीचा हा कायदा आहे.

येथवर या संगीताची बाजू झाली. आतां दुसरी बाजूहि तितक्याच प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. रंगभवनाच्या जवळपास रुग्णालयें व विद्यालयें आहेत. केंद्र सरकारनें 2000 सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांभोंवतीं शंभर मीटरांपर्यंतच्या परिसरास शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद आहे; तेथें आवाजाची मर्यादा दिवसा 50 व रात्रीं 40 डेसिबल, आणि वस्तींत दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबल. रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. डेसिबलाचा हिशेब साधा नाहीं. दर दहा अंकांस ध्वनीची शक्ति दसपट होते. रॉकचा जलसा 100 डेसिबलांवर जातो, म्हणजे वस्तीच्या दिवसाच्या मर्यादेहून त्याची शक्ति तीस हजार पटींहून अधिक होते. पलीकडच्या खाटेवर शस्त्रक्रिया झालेला रोगी झोपेची वाट पाहत पडला असतां, त्याला लसाविचें सौंदर्य समजावून सांगण्यांत कांहींच अर्थ नाहीं. शतकाच्या आरंभीं रंगभवनांतील असे जलसे बंद पडले, आणि महोत्सवाला दुसरीं मैदानें शोधावीं लागलीं. कांहीं वर्षें तो अजिबात थांबला व 2022 मध्यें माझगांव येथें पुन्हां भरला.

रोग्याचा हक्क मोठा, यांत शंका नाहीं. परंतु नियमाचें माप सर्वांना सारखें लावलें जातें कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच. गांवोगांवच्या वरातींत भिंती हादरविणारे कर्णे मध्यरात्रीपर्यंत वाजतात. त्यांना हटकण्यास सहसा कोणी धजत नाहीं, कारण तेथें आपलेच सोयरे नाचत असतात. रॉकवाल्यांच्या मागें मात्र सोयरे नाहींत, भाऊबंद नाहींत, मतें नाहींत. म्हणून त्यांचा आवाज सर्वांत आधीं बंद होतो. जो आवाज आपल्याला आवडत नाहीं तेवढ्यालाच गोंगाट म्हणावयाचें, हें माप खोटें आहे. मोजावयाचेंच तर यंत्रानें मोजावें, आवडीनें मोजूं नये.

हानि केवळ शेजाऱ्यांचीच होते असेंहि नाहीं. कानाच्या आंतील सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदां मेल्या कीं माणसांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें 2022 सालीं जलशांसाठीं जो आदर्श घालून दिला, त्यांत सरासरी 100 डेसिबलांची कमाल मर्यादा सांगितली असून श्रोत्यांना कानांत घालण्याचीं बोंडें पुरवावीं व शांत विश्रांतीची जागा ठेवावी अशी सूचना आहे. ज्या तरुणाला सात आणि आठ मात्रांचा झगडा चाळिसाव्या वर्षींहि ऐकावयाचा आहे, त्यानें विसाव्या वर्षीं कानांत बोंडें घालण्याची लाज बाळगूं नये.

घोटीसारख्या गांवाचा या सर्वांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं असल्या गांवांतूनच हा श्रोता आतां तयार होत आहे. त्याला एक जलसा ऐकावयाचा तर मुंबईस जावें लागतें. कार्यक्रम ऐन रंगांत येतो तेव्हां त्याचें मन परतीच्या गाडींत अडकलेलें असतें. पुष्कळदां उरलेली रात्र फलाटावर काढून पहाटे तो घरीं येतो, आणि कोठें होतास या प्रश्नाला खोटें उत्तर देतो. हें खोटें उत्तर त्या संगीतापेक्षां अधिक वाईट आहे. घराशीं खोटें बोलून जी आवड जोपासावी लागते, ती माणसाला घरापासून तोडते. आवडीचा दोष नसतांहि तोडते.

यावर उपाय अवघड नाहीं. कायद्यानें बंदिस्त सभागृहाला रात्रींच्या मनाईंतून सूट दिलेली आहे. उघड्यावरच करावयाचें तर सायंकाळीं पांचास प्रारंभ करून नऊच्या आंत आटोपतां येतें. गांवांतील चार मुलांनीं एखादा संघ काढला, तर शाळेचें किंवा मंगल कार्यालयाचें सभागृह रिकाम्या दिवशीं त्यांना द्यावें. आवाज मोजण्याचें यंत्र दाराशीं ठेवावें. आणि त्याच मंचावर, त्याच सायंकाळीं, आधीं गांवच्या भजनी मंडळाचा मृदंग व डोंगरांतल्या वाद्यकारांचा संबळ ऐकवावा. मृदंगवाल्याला ढोलवाल्याच्या पायांची करामत पाहूं द्यावी, आणि ढोलवाल्याला संबळाची डावी-उजवी काठी मोजूं द्यावी. दोघांपैकीं कोण कोणापासून शिकेल हें आधीं सांगणें कठीण आहे. पण दोघेहि रिकाम्या हातानें परतणार नाहींत.

ज्या बर्मिंगहॅममध्यें पत्र्याच्या कारखान्यांत हें संगीत जन्मलें, तेथेंच 5 जुलै 2025 रोजीं 'ब्लॅक सॅबथ'चा अखेरचा जलसा झाला. त्याचे गायक ऑझी ऑसबोर्न हे कंपवातानें जर्जर झाले होते. सिंहासनावर बसून ते गायले, आणि पुढें 22 जुलैस निवर्तले. जलशाचें उत्पन्न कंपवातावरील संशोधन, मुलांचें रुग्णालय व असाध्य रोगानें पीडित मुलांची सेवा करणारी संस्था यांसाठीं देण्याचें ठरलें होतें. ज्या गांवानें एके काळीं या मुलांना वाया गेलेले म्हटलें असेल, त्याच गांवाचें मैदान त्या दिवशीं त्यांच्यासाठीं भरून गेलें होतें.

कर्कश आणि कठीण यांतला फरक पुष्कळदां ऐकणाऱ्याच्या धीरांत असतो. घरांतल्या वडिलांनीं एकदां, केवळ एकदां, मुलाजवळ बसून मात्रा मोजून पाहाव्या. संगीत आवडलें नाहीं तरी चालेल. आवडलेंच पाहिजे असा कोणाचाच आग्रह नाहीं. मुलगा कोणत्या मात्रेवर मान हलवितो एवढें कळलें, म्हणजे त्या सायंकाळीं पुष्कळ झालें.